ढगांतलं गाव आणि आमची भुलाबाई

आर्वीच्या आमच्या नव्या लेआउटच्या वस्तीत यंदा भुलाबाई मांडायची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी बायांनी जमून तिची गाणी म्हणायची, असं मी जाहीर केलं तेव्हा सून हसून म्हणाली, "आई, तुम्ही अगदी क्लाउड कुकू लँडमध्ये राहता." इथे गाणी कोणाला येतात, टीव्ही सोडून बाया येणार नाहीत, असं तिचं म्हणणं.

तरुणपणीची मी असते तर लाजून गोड हसले असते. तेव्हा कोणी इंग्रजीत काही बोललं की ते आपलं कौतुकच, असा माझा ठाम समज. भलतीच शहाणी होते. आता मात्र सावंगीला डॉक्टरकी शिकणाऱ्या नातीला फोन लावला अन् म्हटलं, "तुझ्या आईनं मले काय म्हटलं, ते नीट सांग."

नातीनं सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठलेच. हे म्हणे ग्रीकांच्या फार जुन्या विनोदी नाटकातलं गाव. कोर्टकचेऱ्यांना कंटाळलेले दोघं पाखरांना पटवतात अन् ढगांत शहर बांधून घेतात. ढग आणि कोकीळ जोडून त्याचं नाव ठेवतात. भाषांतरातून ते नाव इंग्रजीत आलं. मग पुढारी एकमेकांच्या हवेतल्या बेतांची टिंगल करायला ते वापरू लागले, अन् होता होता ते आमच्या स्वयंपाकघरात पोचलं.

"मंग त्या गावाचं झालं काय?"

"पाखरं जिंकली, आजी."

जिंकली! मी लगेच ज्वारीचे धांडे मागवले, त्या ताटांचं मखर बांधलं, त्यात भुलोजी-भुलाबाई, म्हणजे आपले शंकर-पार्वती, बसवले. बाया आल्या खऱ्या, पण दोन गाण्यांत साऱ्यांचा साठा संपला. हातात मोबाइल दिसू लागले. आता या उठल्या तर उद्या कोणी फिरकणार नाही, हे मला कळत होतं. मी खिरापतीचा झाकलेला डबा मांडीवर घेतला अन् पाखरांची गोष्टच सुरू केली. देवांचं पोट ज्यावर भरतं तो यज्ञाचा धूर पाखरांनी मधेच कसा अडवला, तिथवर आले तशी शेजारीण कळवळली.

"देवाले उपाशी काऊन ठेवलं जी?"

"तुमाले ठेवलं तसंच," मी डबा खुळखुळवला. "वळखा, मंग खा."

खिरापत ओळखल्याशिवाय वाटायची नाही, ही आपली रीतच. मग काय विचारता! शेंगदाणे, फुटाणे, शेव, चिवडा, असा एकच गलका उठला. मोबाइल कुठल्या कुठे गेले. शंकरपाळे निघाले तेव्हा तर आपणच आधी म्हटलं होतं यावरून दोघी भांडल्या.

दारात उभी असलेली सून आत आली, डब्यातला शेवटचा शंकरपाळा उचलला अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्याची खिरापत माझ्याकडे. बघते कोण ओळखतं ते."