जेवायला आलेला बाप

शहरातल्या गारखेड्यात शिकायला आलेली खेड्यापाड्यांतली पोरं मोनिकाच्या मेसवर जेवतात. परीक्षेत नापास झालेला तिच्याकडं जेवला, नोकरी लागलेला पेढे घेऊन आला आणि पुन्हा जेवूनच गेला, गॅसचं सिलिंडर आणून देणाराही एकदा ताट घेऊन बसला. जेवला नाही तो एकटा तिचा बाप.

का, तर रीत. लेकीच्या पोटी लेकरू आल्याशिवाय बापानं तिच्याकडं अन्नपाणी घ्यायचं नाही. मोनिकाचा बाप रामकिसन, लेकींचा आप्पा, शेंद्र्याचा शेतकरी माणूस. त्यानं लेकींची नावं ठेवली मोनिका आणि सोनिया, अगदी नव्या जमान्याची, आणि रीत मात्र धरून बसला पणज्याच्या काळातली. विहिरीवरची मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू करील, पण लेकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला की हात जोडील. ही रीत कुणी घातली आणि कशासाठी घातली, हे त्याला विचारून पाहा. सांगता येणार नाही. पाळायची, एवढंच ठाऊक.

मोनिकाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आणि लेकरू झालं नाही. म्हणजे रीत पाळता पाळता बाप प्रत्येक खेपेला तिला तोंडावर सांगून जायचा, की बाई, तुझं घर अजून रिकामंच आहे. त्याला तसं म्हणायचं नसेल. नसेलच. पण न जेवता उठून जाणाऱ्या बापाचा लेकीनं दुसरा अर्थ काय काढावा?

तिला सगळ्यात संताप यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आप्पा शहरात आला की आधी क्रांती चौकात उतरायचा, तिथं एखाद्या गाड्यावर पोहे नाहीतर भजी खाऊन पोट भरून घ्यायचा आणि मगच गारखेड्याची रिक्षा धरायचा. दारात आला की मिशीला शेव चिकटलेली. "आत्ताच खाल्लं बाई," म्हणायचा. कुठल्या कोण गाडीवाल्याच्या हातचं चालतं, पोटच्या पोरीच्या हातचं चालत नाही. त्या दिवशी मोनिका भांडी अशी आपटायची, की तिचा नवरा शिवराज मुकाट्यानं बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसायचा.

मोनिकाची आई, साळूबाई, जाऊन आता चार दिवाळ्या झाल्या. येसराची, म्हणजे धान्य-मसाला भाजून दळलेल्या पिठाची, आमटी करावी ती साळूबाईनंच, असं शेंद्र्यात म्हणायचे, आणि आता तोच हात मोनिकाला आलाय असं म्हणतात. ती चव ज्याला सगळ्यांच्या आधी ओळखू आली असती, त्यानं ती एकदाही चाखली नव्हती.

मागच्या वर्षी मोनिका आणि शिवराजनं ठरवलं, आता दवाखाने बस्स. सुया बस्स, नवस बस्स, आपण दोघं एकमेकांना पुरे आहोत. मोनिकानं हे धाकट्या बहिणीला, सोनियाला सांगितलं. आप्पाला सांगायला तिची जीभ रेटेना. कारण त्याचा अर्थ सरळ होता. आप्पा आता तिच्या घरी कधीच जेवणार नव्हता.

सोनिया शेंद्र्यातल्याच एका कंपनीत कामाला जाते. स्कूटीवर फिरणारी, बोलायला फटकळ, आणि आप्पाला भाकरी तीच करून घालते. एका शनिवारी तिचा फोन आला.

"ताई, आप्पा उद्या संध्याकाळी तुझ्याकडं जेवायला येऊ लागलेत."

"मस्करी नको करू सोनी."

"खरंच. सवताच्या तोंडानं म्हणले. येसराची आमटी कर."

मोनिकानं का म्हणून विचारलं नाही. विचारलं आणि बाप फिरला तर? रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते. एरवी ती त्या वेळी पाय पसरून टीव्हीपुढं बसते. त्या दिवशी तिनं दुपारपासून येसर भाजायला घेतला, वांगी भरली, ठेचा कुटला, आणि शिवराजला दोनदा दही आणायला पाठवलं, कारण पहिलं आंबट निघालं.

आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, सोनियाच्या स्कूटीवर मागं बसून आला. हातात पिशवी होती, त्यात आवळे आणि चिंचा.

"तुला आणल्यात," तो म्हणाला.

"मेसच्या आमटीला होत्याल," म्हणत मोनिकानं पिशवी आत ठेवली. आप्पा गालातल्या गालात हसला. सोनिया मोबाईलमध्ये डोकं घालून बसली.

आणि आप्पा जेवला. भाकरी कुस्करून, आमटीत कालवून, बोटं चाटत जेवला. दुसरी भाकरी त्यानं मागून घेतली. "तुझ्या मायचीच आमटी हाय ही," तो म्हणाला. मोनिका तव्यावरची गरम भाकरी थेट त्याच्या ताटात टाकत होती. इतक्या वर्षांचा राग दोन भाकरींत उतरला, याची तिला जराशी लाजच वाटली. पण आनंद इतका होता, की लाज फार टिकली नाही.

आमटी पुन्हा वाढायला म्हणून तिनं मोठं पातेलं उचललं.

"ठिव ते खाली," आप्पा ताटावरून म्हणाला. "शिवराज, तुम्ही उचला. तिला आता जड उचलू देऊ नका. पयले म्हैने लई जपावं लागतंय."

शिवराज उठता उठता थांबला. मोनिकानं पातेलं हळूच खाली ठेवलं. आवळे, चिंचा, इस्त्रीचा सदरा, सगळं तिला एकदम कळलं.

"सोनी, काय सांगितलंस तू आप्पाला?"

सोनियानं मान वर केली. "तुला दिवस गेलेत म्हणून सांगितलं. मंग काय करू? एकदा जेवले म्हंजे रीत मोडली. मोडली की सुटलो समदे. उद्या माझं बी लगीन होईल. मी बी असंच भरलं ताट घेऊन बापापुढं उभी ऱ्हाऊ काय?"

आप्पाचा घास हातातच राहिला. "म्हंजे, नाय काय?"

"नाय," मोनिका म्हणाली. "आन होणार बी नाय. आमी गेल्या सालीच दवाखाने बंद केले."

आप्पाचा चेहरा आधी पडला, मग तापला. हातातला घास त्यानं ताटात टाकला. "बापाला फसवलं तुमी. माझ्या बापानं, आज्यानं कधी मोडलं नाय ते खोटं बोलून मोडायला लावलं." त्यानं ताटातच हात धुवायला पाण्याकडं हात केला.

"फसवलं सोनीनं. तिचं मी बघते," मोनिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी माझं सांगा. लगीन झाल्यापून मी तुमच्यासाठी भाकर थापते. मोनिकासाठी येक दिस जेवावं वाटलं नाय तुमाला. आन जे लेकरू नाय, कधी येणार नाय, त्याच्यासाठी इस्त्री करून आलात. त्याच्यासाठी भाकरी मागून मागून खाल्ल्या. मंग मी कोण हाय तुमची?"

"मोनिका, असू दे," शिवराज म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आप्पा ताटाकडं बघत बसला. मग पाण्याकडं गेलेला हात मागं घेतला आणि टाकलेला घास पुन्हा उचलला.

"आमटी वाढ," तो म्हणाला. "तुझ्यासाठी खातो."

दुसरी कुणी असती तर रडली असती आणि वाढलं असतं. सोनिया तर डोळे पुसायलाही लागली होती. मोनिका खाली वाकली आणि तिनं बापाच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"नाय आप्पा. हे ताट त्या लेकराचं हाय. ह्याच्यात मी माझं वाढणार नाय."

तिनं ताट नेऊन मोरीत ठेवलं. आप्पा उष्टा हात तसाच धरून बसून राहिला. रीतीपायी तो या घरातून किती तरी वेळा न जेवता उठला होता, पण ताट उचललं जाण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"मंग उद्या येऊ काय?" त्यानं विचारलं.

"सकाळी फोन करा," मोनिका म्हणाली. "बघते."