दारात आलेला भूगर्भ

गोंडपिपरीत तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोशनी दुर्गेचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, जातीचा दाखला, कॉलेजचे फॉर्म, झेरॉक्स. वय एकोणतीस. कोणी लग्नाचं विचारलं की ती "सर्व्हर डाऊन आहे" म्हणते. लोक हसतात आणि विषय तिथंच थांबतो.

तिचे बाबा खुशालभाऊ एसटीत कंडक्टर होते. चंद्रपूरच्या स्टँडबाहेरच्या रद्दीवाल्याकडून ते लेकीसाठी जुनी कॉमिक्स आणायचे. त्यातला भूगर्भ तिचा लाडका. भूगर्भ म्हणजे कोळशाच्या खाणीत गाडला गेलेला एक मजूर. ठेंगणा, काळा, चेहरा काजळीनं माखलेला. वर आला तेव्हा त्याला जमिनीला कान लावून कोसभर दूरचं ऐकू यायला लागलं होतं. कुठे कोण दबलंय, कोण हाका मारतंय, ते त्याला कळायचं आणि तो हातानं माती उपसत जायचा. बाबा गेल्यावर रोशनी फोनसमोर बसून ही कॉमिक्स आपल्या बोलीत सांगू लागली. चार-पाच हजार लोक ऐकायचे. बहुतेक इकडचेच, काही कामासाठी पुण्याला गेलेले.

मग एप्रिलमध्ये भूगर्भवर मोठा सिनेमा येत असल्याचा टीझर आला. त्यातला भूगर्भ गोरा, सहा फुटी, अंगावर सोनेरी चिलखत. आणि तो मजूर नव्हता. परदेशातून शिकून आलेला, खाणमालकाचा मुलगा होता. रोशनीनं त्याच दुपारी व्हिडिओ टाकला. दोनच वाक्यं लोकांनी उचलली: "हा भूगर्भ नाई होय. हा त्याच्या मालकाचा पोरगा होय."

आठवड्यात तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. सुरुवातीला तिला मौज वाटली. नटाचे चाहते म्हणत, कॉमिक्स जसंच्या तसं पडद्यावर कोण पाहणार? जुने वाचक म्हणत, मग नाव तरी कशाला घेता? ती दोघांनाही उत्तरं देत होती, गिऱ्हाईक नसलं की वाद घालत होती. पण सिनेमावाल्यांनी 'भूगर्भ सेना' नावाचं एक ॲप काढलं होतं. सिनेमाची बाजू घेऊन कुठेही कमेंट केली की गुण मिळायचे, विरोधकाला गप्प केलं की जास्त. गुणांवर पहिल्या दिवसाची तिकिटं. रोशनीचं नाव त्या ॲपवर कसं फिरलं ते तिला कळलं नाही. एका सकाळी फोन उघडला तर तीन हजार शिव्या होत्या. जातीवरून, रंगावरून, आईवरून. ती वाचत गेली आणि दुकान उघडायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी खात्यावरून फोटो आला. फोटोत तिचंच दुकान होतं. निळं शटर, वरची पाटी, पायरीशेजारचा माठ. खाली एकच ओळ होती: "भूगर्भ येतोय. तुमच्या दारात."

ती ओळ सिनेमाच्या प्रत्येक पोस्टरवर होती. एसटीच्या मागच्या काचेवर होती, बिस्किटाच्या पुड्यावर होती. शेजारी शिवणकाम करणाऱ्या सोमाजीभाऊंना तिनं फोन दाखवला.

"अवो बाई, हे तं जायरात होय," सोमाजीभाऊ चष्मा वर करत म्हणाले. "माह्या नातवाच्या वहीवरबी हेच लिवून आहे."

"पण भाऊ, फोटो माह्या दुकानाचा आहे ना!"

त्यांनी पुन्हा पाहिलं आणि फोन तिला परत दिला. पोलिसांत जावं म्हणून ती ठाण्याच्या फाटकापर्यंत गेली. साहेबांना काय दाखवायचं? सिनेमाची जाहिरात? ती तशीच परत फिरली.

त्या दिवसापासून मोटारसायकल दुकानासमोर मंद झाली की ती मशीनमागे सरकायची. नवा माणूस दाखला मागायला आला तर आधी त्याच्या हाताकडे नजर जायची. आई, अंजनाबाई, डबा घेऊन यायची, त्याचीही तिला भीती वाटू लागली. आईला रस्त्यात कोणी गाठलं तर?

"तू जेवून काऊन नाई राह्यली?" आईनं विचारलं.

"उन्हानं भूक मेली, आई."

"खोटं नको बोलू. तो व्हिडिओ काढून टाक."

"काढला तं ते म्हणतील, भेली."

"मंग भेलीच तं आहेस," आई म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. रोशनीला रडू आलं, पण व्हिडिओ तिनं काढला नाही. शटर मात्र अर्धं खाली ओढून ठेवू लागली. गिऱ्हाइकं वाकून आत यायची.

शुक्रवारची दुपार. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. सोमाजीभाऊ जेवायला घरी गेलेले. रोशनी शटरजवळच्या झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरत होती. पायरीवर कोणाची तरी सावली पडली. आधी दोन पाय दिसले, धुळीनं भरलेले. मग शटरखालून एक चेहरा वाकला. काळा मुखवटा, सोनेरी कडा, डोळ्यांच्या जागी भोकं.

"कोण आहे?" तिचा आवाज फुटला. "कोण पाह्यजे?"

मुखवटा बोलला नाही. एक पंजा उंबरठ्यावर टेकला. दुसऱ्या हातात काहीतरी चकाकत होतं.

"बोल ना! कोण आहेस तू?"

तो गप्पच. मुखवटा अजून आत सरकला. रोशनीनं दोन्ही हातांनी शटर धरलं आणि अंगाचा सगळा भार देऊन खाली आदळलं. मुखवटा मागे गेला, पंजा राहिला.

"अगा माय वो! मेलो वो माय!"

आत अंधार झाला होता. खालच्या फटीतून चार बोटं आत आलेली, वळवळत होती. बाहेर माणूस आपल्याच बोलीत ओरडत होता. शटर उचलायला हवं, हे तिला कळत होतं. पण हे नाटक असेल तर? उचललं आणि बाहेर चौघं असले तर? तिचे हात शटरवर होते आणि उचलत नव्हते. किती वेळ गेला ते तिला आजही सांगता येत नाही. दोन श्वास असतील, दहा असतील. शेवटी बोटांखालून रक्ताचा ओघळ फरशीवर आला, तेव्हा तिनं डोळे मिटून शटर वर फेकलं.

बाहेर एकच माणूस होता. मुखवटा गळ्यात लोंबत होता, चाळिशीचा घामेजलेला चेहरा उघडा पडला होता. पायरीवर चकचकीत स्टिकर विखुरले होते. प्रत्येकावर तीच ओळ.

"बोलला काऊन नाई रे भाऊ?" ती किंचाळली. "मी इचारून राह्यली होती ना!"

"बोलाचं नाई सांगितलं होतं, बाई," तो हात छातीशी धरून म्हणाला. "दारात चिटकवाचं, उभं राह्याचं, बोलाचं नाई."

त्याचं नाव कोलू. गवंडीकाम करणारा मजूर. सिनेमाच्या जाहिरातीसाठी कोणीतरी त्याला चंद्रपूरच्या मजूर नाक्यावरून उचलून मुखवटा दिला होता आणि गावोगाव फिरायला सांगितलं होतं. रोशनीनं ओढणीनं त्याचा हात बांधला. तोवर माणसं जमली, फोन वर झाले. एकानं विचारलं, "हिनं मारलं का तुले?"

रोशनीनं त्या फोनांकडे पाहिलं. हा व्हिडिओ बाहेर गेला की संपलंच.

कोलूनं तिच्याकडे पाहिलं. ती अजून ओढणीची गाठ धरून होती. "नाई," तो म्हणाला. "माह्याच हात मधात आला."

तिनं त्याला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. दोन बोटं मोडली होती. प्लास्टर होईपर्यंत ती बाकावर बसून होती. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दोन दिवसांपासून हे तोंडावर घालून फिरून राह्यलो. सारे दारं लावून घेतेत. पानीबी कोणी देल्लं नाई. तुह्यावानी मीबी भेऊनच होतो."

दोन दिवसांनी रोशनीनं नवा व्हिडिओ केला. सिनेमाबद्दल एक शब्द नाही. एका गरीब माणसाची बोटं मी भीतीपोटी मोडली, त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि त्याला मुखवटा देणारे फोन उचलत नाहीत, एवढंच ती बोलली. बोलताना आवाज कापत होता, तो तसाच राहू दिला. शिव्या थांबल्या नाहीत, पण निम्म्यावर आल्या. दुकानाच्या फोटोचंही तेव्हाच उलगडलं. गिऱ्हाइकांना पत्ता सापडावा म्हणून तिनं स्वतःच तो वर्षापूर्वी नकाशावर टाकला होता. म्हणजे तोवर गोंडपिपरीत कोणीच आलं नव्हतं. आला तो फक्त कोलू.

हे कळून भीती जाईल असं तिला वाटलं होतं. गेली नाही.

कोलूचं एक बोट वाकडंच राहिलं. थापी धरता येत नाही म्हणून तो घमेली उचलायला लागला. मजुरांचे फॉर्म भरायला तो तिच्याकडेच येतो, चारजणांना घेऊन येतो, आणि तिनं घडलं ते कितीदा काढलं तरी "जाऊ दे ना बाई" म्हणतो.

सिनेमा आला, दोन आठवडे चालला, गेला. त्या सेनेला दुसरा कोणी सापडला. जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी सुरू झाली. आई आता दुकानातच भाजी निवडत बसते. परवा एक मुलगी फॉर्म भरता भरता म्हणाली, "ताई, दिवाळीत असाच दुसरा सिनेमा येऊन राह्यला म्हणे. त्याच्यावर बोलान का?"

रोशनीनं आधी रस्त्याकडे पाहिलं. मग आईकडे.

"पाहू दे आधी," ती म्हणाली. "पाह्यल्याशिवाय कसं बोलू? तुह्या बारावीचा नंबर सांग."