कुरुंदवाडची शर्यत, माझा नवा कॅमेरा आणि दोन बोटं

नवा कॅमेरा घेतला तेव्हा सुकन्याने, म्हणजे माझ्या बायकोने, एकच अट घातली. पहिला प्रवास तिच्या माहेरी, कुरुंदवाडला. माझ्या डोळ्यांसमोर लडाख होतं. "लडाखला तुझं कोण आहे?" तिने विचारलं आणि विषय संपला.

तसं निमित्तही चांगलं होतं. श्रावणात कुरुंदवाडला होड्यांच्या शर्यती असतात आणि सुकन्याचे भूपालकाका त्यांच्या होडीचं सुकाणू धरतात. यंदा त्यांची ही शेवटची शर्यत होती. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि होडीत उभं राहायला बंदी घातली. काकांनी घासाघीस करून एका शर्यतीची सवलत मिळवली. जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल त्यांच्या घरी आजवर एकदाही आलेली नव्हती. सोप्यातल्या भिंतीवर तिच्यासाठी ठोकलेला खिळा मात्र मी लग्न ठरवायला गेलो तेव्हापासून बघतोय. माझ्या सासऱ्यांनी त्याच्यावर कधी टोपीसुद्धा अडकवू दिली नाही.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द, कारण हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक त्यासाठीच येतात. हा मिररलेस आहे आणि त्यात ग्लोबल शटरचा सेन्सर आहे. साध्या भाषेत सांगायचं तर वेगाने पळणारी वस्तू त्यात वाकडी येत नाही. दुकानदाराने फिरत्या पंख्याचा फोटो काढून दाखवला, पाती सरळसोट. घरी आल्यावर मी आमच्या पंख्याचे शेकडो फोटो काढले. सुकन्याने ते बारकाईने पाहिले आणि ती म्हणाली, "पाती पुसायला झालीत."

पहाटे पुणं सोडलं. साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे हायवेचं काम चालू आहे आणि दर थोड्या अंतरावर 'वळण' अशी पाटी येते, तेव्हा वेळ जास्तीचा धरून निघा. कराडला थांबून पोहे आणि चहा घेतला, दोघांचं मिळून एका पिझ्झ्याच्या कोपऱ्याएवढं बिल. दुपारी कोल्हापुरात. मुक्काम शिवाजी पेठेत माझ्या मेहुण्याच्या, सन्मतीच्या, खोलीवर. खोलीच्या खाली तालीम, समोर चहाची टपरी आणि भिंतीवर फुटबॉलच्या संघाचं एवढं मोठं चित्र की गाडी लावताना गोलकीपर आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

सन्मती लग्नाच्या फिल्म बनवतो, त्याही फक्त फोनवर. माझी बॅग उघडताच तो म्हणाला, "दाजी, ह्यो रणगाडा कुठं घेऊन निघालासा?"

मी त्याला ग्लोबल शटर समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून फोन काढला. "ह्यात बी सेन्सर हाय की. गेल्या वर्षीच्यापेक्षा मोठा. चला रंकाळ्यावर, बघूया."

संध्याकाळी रंकाळ्यावर सामना झाला. दोघांनी एकच दृश्य टिपलं: मावळतीचं आभाळ, पाण्यावरचे दिवे, भेळ खाणारी सुकन्या. हार मानायला माणसाला मोठं मन लागतं, ते माझ्याकडे नाही, पण पुरावा समोर होता. सन्मतीच्या फोनमध्ये आभाळ केशरी, पाणी निळं आणि सुकन्याचा चेहरा उजळ. माझ्या महागड्या चित्रात अंधारावर कुणीतरी रवा सांडल्यासारखे दाणे. वेगाचा हा सेन्सर कमी उजेडात अडखळतो, हे पत्रकात लिहिलेलं असतं, पण पत्रकाच्या मागच्या पानावर. फोन मात्र एकाच क्षणाचे सात-आठ फोटो घेतो आणि स्वतःच्या डोक्याने त्यांचा एक चांगला बनवतो. सुकन्याने घरच्या ग्रुपवर कुणाचा फोटो टाकला ते सांगायची गरज नाही.

"वाईट वाटून घेऊ नगा," सन्मती म्हणाला. "उद्या होड्यांस्नी लाईट भरपूर असतीय." त्या सांत्वनाने मला जास्त लागलं. मग तांबडा-पांढरा रस्सा खाऊन मी झोपलो. सन्मतीने समोर बसून दहीभात खाल्ला, कारण सासरकडचे सगळे जैन आणि त्यात चातुर्मास. दिवस मावळल्यावर न जेवायचा नेम मात्र तो फक्त गावाकडेच पाळतो.

दुसऱ्या दिवशी जयसिंगपूर, शिरोळ करत कुरुंदवाड. दीडेक तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. ज्यांना शेजारच्या वाडीची बासुंदी खायची आहे त्यांनी आधी तिकडे वळावं, शर्यतीनंतर पातेली रिकामी असतात. घरी सासऱ्यांनी दारातच हाक दिली, "आला का जावईबापू!" सासरे गंभीर माणूस. शेती आणि भुसार मालाचं दुकान, बोलणं मोजून. ते हसले तर घरातले घाबरतात. काकींनी ताटभर शेंगाच्या पोळ्या झाकून ठेवल्या होत्या. "आत्ता न्हाय," त्या म्हणाल्या, "रातचं जेवण दिवस मावळायच्या आत. शर्यत झाली की लगेच पानं घेणार. उशीर केलासा तर उपाशी झोपायचं."

नदीचा घाट माणसांनी फुलला होता. अंतिम फेरीत दोनच होड्या. पिवळे बनियन आमचे. निळे बनियन दस्तगीरभाईंचे. दस्तगीरभाई हे गावातले सुतार, काकांचे शाळेपासूनचे दोस्त आणि तेवढीच वर्षं प्रतिस्पर्धी. दोन्ही होड्यांची वल्ही त्यांनीच घडवलेली. निघण्याआधी काका ओरडले, "दस्तगीर, माझ्या वल्ह्यात काय गडबड केली न्हाईस न्हवं?"

"केलीया की! तुझी वल्ही सरळ बसवल्यात!"

शेवटच्या रेषेवर अलीकडे एक निशाण, पलीकडे एक. मी बरोबर त्या दोन निशाणांच्या रेषेत कॅमेऱ्याची तिवई रोवली. माझ्या खांद्याला खांदा लावून सन्मती फोन धरून. पंच म्हणून निवृत्त पीटीचे मास्तर खुर्चीवर बसले होते.

होड्या वळसा घालून परतल्या तेव्हा घाटावर कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. आमची होडी आमच्या बाजूने, दस्तगीरभाईंची पलीकडून, नाकाला नाक. काका मागे ताठ उभे होते, दुखऱ्या गुडघ्यासकट. मी बटण दाबून धरलं, कॅमेऱ्याने मशीनगनसारखे फोटो घेतले, आणि दोन्ही होड्या रेषेवरून गेल्या. त्यांच्या पाण्याचा सपकारा मास्तरांच्या चष्म्यावर.

"मास्तर, कोण?" शंभर जणांनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसत निर्णय दिला. "दोन्ही आल्या, एवढं नक्की."

मग सगळे आमच्याकडे वळले. हाच तो क्षण, माझ्या सेन्सरच्या आयुष्याचं सार्थक. मी फोटो उघडायला गेलो तर कॅमेरा म्हणाला, थांबा. एवढे फोटो कार्डावर उतरवायला वेळ लागतो. लाल दिवा लुकलुकत राहिला. "झालं, झालं," असं मी म्हणत होतो, तोवर सन्मतीचा फोन हातोहात मास्तरांपर्यंत पोचला होता. व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला. पिवळी होडी दोन बोटं पुढे.

"भूपाल!" मास्तर गरजले.

पुढचं मी गुलालातून पाहिलं. हलगी कडाडली. आणि माझे सासरे, ज्यांनी आमच्या लग्नात वरातीकडे पाठ करून आचाऱ्याशी हिशेब केला होता, ते नाचू लागले. दोन्ही हात वर, धोतराचा सोगा तोंडात. सुकन्या तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "मी बाबांना असं कधीच बघितलं नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण त्यात गुलालाचा वाटा होता.

ढाल वाजतगाजत घरी आली. काकींनी ओवाळलं. खिळ्यावर ढाल चढली. मी कौतुकाने लॅपटॉप उघडला, म्हटलं काकांना विजयाचा फोटो मोठा करून देऊ.

रेषेवरचा नेमका फोटो सापडला. निळी होडी दोन बोटं पुढे होती. पुन्हा बघितलं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. निळीच.

सन्मतीला कोपऱ्यात घेऊन त्याचा व्हिडिओ मागितला. त्यात पिवळी पुढे, हे खरंच. पण त्याच चित्रात होडीतली वल्ही केळीच्या पानासारखी वाकलेली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि त्याचाही चेहरा उतरला, कारण पोरगं धंद्यात हुशार आहे. माझ्या कॅमेऱ्याला रणगाडा म्हणायचं त्याला आता आठवलं नाही.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "डिलीट करा."

करता आलं असतं. भिंतीवर ढाल होती, सासरे गुणगुणत होते, आतून पोळ्यांचा वास येत होता. कुणी मला विचारलंही नव्हतं. पण दस्तगीरभाईंनी घाटावर काकांना मिठी मारली होती ती मला आठवत राहिली. हा कॅमेरा मी खरं दिसावं म्हणून घेतला, आणि पहिल्यांदा खरं दिसलं तेव्हा ते पुसायचं, हे काही मला जमेना. मी लॅपटॉप घेऊन मागच्या परसात गेलो. काका एकटेच गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

मी सांगायला सुरुवात केली. "काका, फोन फोटो काढतो तो पंगतीत वाढल्यासारखा. वरच्या ओळीपासून खाली. दस्तगीरभाईंची होडी चित्रात वर, तिला आधी वाढलं. आपली खाली. आपल्या ओळीपर्यंत येईपर्यंत डोळ्याचं पातं लवायच्या आत आपली होडी जरा पुढे सरकली. या कॅमेऱ्यात सगळ्या पानांवर एकदम वाढतात."

"म्हंजे सन्मतीच्या फोनात आमी उशिरा जेवलो," काका म्हणाले, "म्हणून फुडं दिसलो."

"हो."

त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. आणि तेव्हा मला त्या फोटोत दुसरी गोष्ट दिसली. वल्ह्यांवरचा थेंब न् थेंब थांबलेला, सगळे वल्हेकरी दात-ओठ खाऊन वाकलेले. एकटे काका मान वळवून शेजारच्या होडीच्या नाकाकडे बघत होते. चेहरा पडलेला.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पाण्यावरच कळलंतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलाया तोंड उघडलं तर गुलाल तोंडात गेला." त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "थुकून बघतोय तर दादा नाचतुया. साठ वर्सांत माझा भाऊ नाचला न्हाई. त्येला कसं थांबवू, सांग."

काकांनी सूर्याकडे बघितलं, उठले आणि सोप्यात जाऊन ढाल खिळ्यावरून काढली. सासऱ्यांनी विचारलं, "कुठं?" काका म्हणाले, "ज्येची हाय त्येच्याकडं." सासऱ्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे. जावयाकडे असं बघायची सोय आपल्या संस्कृतीत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी लॅपटॉप घेऊन काकांच्या मागे निघालो. दस्तगीरभाई त्यांच्या दारात रंधा मारत बसले होते. ढाल बघून म्हणाले, "का रं? कडी निघाली व्हय? आण, बसवून देतो."

काकांनी फोटो पुढे धरला. दस्तगीरभाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला.

"मला बी वाटलंतं," ते म्हणाले. "पण तुझा दादा नाचत हुता की रं."

मग दोघं हसायला लागले ते थांबेचनात. भाभींनी चहा टाकला. त्या दोघांनी घोट-घोट करत फोटोतलं प्रत्येक वल्हं बघितलं, कुणाचं उशिरा पडलं यावरून त्यांचं एक छोटं भांडणही झालं. घरी निघालो तेव्हा दिवस मावळला होता.

पोळ्या झाकलेल्याच होत्या. "जावयाला वाढते की," काकी म्हणाल्या, "त्येंला कुठं नेम हाय?" पण काका उपाशी बसलेत, सासरे आणि काकी आमची वाट बघत जेवायचे राहिलेत आणि मी एकटा तूप ओतून शेंगाची पोळी खातोय, हे चित्र कुठल्याच सेन्सरवर बरं दिसलं नसतं. मी नको म्हणालो. रात्रभर पश्चात्ताप झाला.

सकाळी पोळ्या बांधून मिळाल्या. सासरे गाडीपाशी आले. आदल्या संध्याकाळपासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

"तुमच्या त्या मशीनीत," ते दुसरीकडे बघत म्हणाले, "माझं ते... नाचणं आलंय?"

"नाही हो बाबा. तेव्हा माझे फोटो कार्डावर उतरत होते. सन्मतीच्या फोनमध्ये आहे."

"कसं आलंय?"

"फार सुंदर," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. गुलाल, ढगातून आलेलं तिरपं ऊन, हलगीचा आवाज आणि मध्ये ते. माझ्या कॅमेऱ्याला ते जन्मात जमलं नसतं.

"मग मला पाठीव म्हणावं त्येला," ते म्हणाले आणि आत गेले.

पुण्यात येऊन महिना झाला. कुठला घ्यावा म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर सोपं आहे: होड्या पळत असतील तर माझा, सासरे नाचत असतील तर फोन. मी स्वतः काय जास्त वेळा बघतो म्हणाल तर तो नाच.

परवा सन्मतीने सोप्यातल्या भिंतीचा फोटो पाठवला. ढालीच्या खिळ्यावर माझा तो फोटो फ्रेम करून लावलाय, काकांनी स्वतः. घरात येणाऱ्या प्रत्येक पावण्याला ते हात धरून तिथं नेतात म्हणे, आणि होड्यांच्या नाकांमधल्या पाण्यावर आपली बोटं टेकवून दाखवतात.

"ह्ये बघ. हरलो. दोनच बोटं."