वरचं घड्याळ आपलं, खालचं सुजाताचं

"ताई, हे बंद पडलं."

धनराजभाऊंनी फोन काउंटरवर ठेवला. थोड्याच वेळापूर्वी तो मी नीट चालू करून दिला होता. माझ्या हातून गेलेली वस्तू त्याच दिवशी परत यावी, हे मला चालत नाही.

अर्जुनी मोरगावला एसटी स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आधी याच जागेत माझा एसटीडी बूथ होता. धनराजभाऊ बसने तासाभरावरच्या खेड्यातले. त्यांची मुलगी सुजाता सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेली होती. त्या दिवशी तिकडे तिला पदवी मिळणार होती. तिची मैत्रीण सभागृहातून व्हिडिओ कॉल लावून आईवडिलांना तो कार्यक्रम दाखवणार होती. त्यासाठीच भाऊंनी पहिला स्मार्टफोन घेतला होता. धानाच्या रोवणीचे दिवस असूनही नवरा-बायको शेतातल्या बांध्या सोडून इंटरनेटवरून बोलायचं अ‍ॅप टाकून घ्यायला आले होते.

अ‍ॅप मी टाकलं. नंबर नोंदवला, मेसेजवर आलेला कोड भरला, कॅमेरा आणि माइकला परवानगी दिली. माझ्या फोनवर कॉल लावून बघितला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ.

"आता तीनच्या बसनं घरी जातो," भाऊ म्हणाले. "साडेचारले कार्यक्रम हाय. शेजारपाजारचे सारे जमवून पाहू." दोघं समोर चहा प्यायला गेले, आणि चहा पिऊन फोन घेऊन परत आले.

फोन चालू होता, पण अ‍ॅपवरून कॉल लागत नव्हता. मी पहिल्यापासून सुरुवात केली. नेट चालू होतं, वेबसाइट उघडत होती. रेंज पुरेशी होती. फोन बंद करून चालू केला. फरक नाही. शेवटी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तर ते आता कोडही घेईना.

"फोनच बोगस देला दुकानवाल्यानं," भाऊ म्हणाले.

"फोनले कायले दोष देऊन राहिले?" त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या. "चहा पिता पिता कोन बटना दाबून राहिलं होतं?"

"कोणती बटणं?" मी विचारलं.

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. दुकानातल्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. फोनमध्ये सव्वानऊ.

"भाऊ, वेळ तुम्ही बदलली?"

"बदलली नाई, बरोबर केली. तुमीच चुकवली होती."

"काऊन? कशासाठी?"

"पोरीची वेळ ठेवतो मी फोनवर. थंडीत एकदा इथून फोन लावला, तं तिकडं पहाटेचे चार वाजले होते. घरी काई झालं का म्हनून घाबरली बिचारी. मंग तिनं सांगितलं, बाबा, साडेपाच तास मागं मोजा. तवापासून घड्याळच मागं करून ठेवलं. ते पाहूनच फोन करतो."

बटणाच्या जुन्या फोनला याचं काही वाटत नाही. त्याचं घड्याळ काहीही दाखवो, फोन लागतो. हे अ‍ॅप तसं नाही. कॉल लावताना ते कंपनीच्या कॉम्प्युटरला एक प्रकारचा पास दाखवतं आणि त्या पासवर वेळ असते. पासवरची वेळ जुळली नाही की तो कॉम्प्युटर पास नाकारतो. मुदत संपलेल्या पासवर आपला कंडक्टर बसू देत नाही, तसंच. मी वेळ आपोआप घ्यायची खूण करून दिली होती. भाऊंनी ती काढून टाकली होती.

मी खूण परत लावली. अ‍ॅप लगेच चालू झालं. पण पोरीची वेळ पुसून टाकणं मला पटेना. म्हणून पहिल्या स्क्रीनवर दोन घड्याळं लावली. वर भारताचं, खाली लंडनचं.

भाऊंनी निरखून बघितलं. "खालचं चुकलं. सव्वानऊ पायजे, हे सव्वादहा दाखवून राहिलं."

बूथच्या दिवसांपासून माझा सगळा धंदा घड्याळावर चाललेला. मी माझ्या फोनवर ताडून बघितलं. सव्वादहाच. मग आठवलं. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. साडेपाच तासांचा फरक थंडीतला. जुलैत साडेचारच तास.

"भाऊ, सुजातानं कार्यक्रमाची वेळ काय सांगितली?"

"तिच्याकडचे अकरा. म्हंजे आपले साडेचार."

"साडेतीन," मी म्हणाले.

यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजे आपन बसमंधी राह्यलो असतो! बरं झालं बिघडला बापा फोन!"

तीनची बस समोरून गेली. दोघं माझ्या बाकावर बसून राहिले. फोन मी चार्जरला लावून डब्याला टेकवून ठेवला. दुरुस्तीला आलेली दोन गिऱ्हाइकंही थांबली. पावणेचारला कॉल आला. मंचाजवळच्या रांगेत काळा झगा घातलेली सुजाता उभी होती. तिचं नाव पुकारलं तसे भाऊ उठून उभे राहिले आणि हात जोडून "जयभीम" म्हणाले.

"बसा ना, तिकडं कोन पाहून राहिलं तुमाले?" यशोदाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. भाऊ बसले नाहीत. सुजाता पदवी घेऊन मंचावरून उतरेपर्यंत उभेच होते.

तो फोन दुरुस्तीला पुन्हा आला नाही. भाऊ मात्र बाजाराला आले की थांबतात आणि तिकडे किती वाजले ते मला सांगतात. आता बरोबर सांगतात.

फोन बिघडला की काय झालं, हे मी आधीही विचारायची. त्या दिवसापासून 'काऊन केलं' हेही विचारते. निम्मी दुरुस्ती तिथेच होते.