तात्यांच्या रायफलचा अर्धा इंच

"साहेब, एक बाबा पलंगाचा मोडका पाय घेऊन आलेत. तुमच्याशिवाय कोणाला दाखवत नाहीत," वॉचमनने कंपनीच्या गेटवरून फोन केला.

बाबा म्हणजे बदलापूर गावातले तात्या, कुळगावात आमच्या घरी दूध घालणारे. आणि पलंगाचा पाय म्हणजे त्यांच्या वडिलांच्या रायफलचा दस्ता, खांद्याला टेकवतात तो लाकडी भाग. माळ्यावरून काढताना पडला आणि मानेत मोडला.

"चिकटवून द्या."

"तात्या, ही खुर्ची नाही. बार उडाला की ती धक्का मारते."

"मंग नवा करा. खंडेनवमीच्या पूजेत अख्खी पायजे. नायतर बाळाराम ती चौकीत जमा करील."

बाळाराम हा धाकटा भाऊ. लायसन रिन्यू करायच्या फेऱ्यांना कंटाळलेला. बोलता बोलता तात्यांचे डोळे भरून आले. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगतो, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी अंबरनाथच्या एका स्टील फाउंड्रीत पॅटर्नमेकर. जी वस्तू ओतायची ती आधी हुबेहूब लाकडात करावी लागते, तो पॅटर्न. त्याच्यावरून साचा बनतो. वीस वर्षं व्हॉल्व्ह आणि पंपांची झाकणं करत आलेल्या माणसाच्या हाती बंदूक आली होती!

तात्यांनी चौकीतून दुरुस्तीची परवानगी आणली. अट एकच, लोखंड, म्हणजे नळी आणि चाप, घराबाहेर न्यायचं नाही. म्हणजे लाकडाने फिरायचं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जुनी शिसवी फळी मिळाली. "बंदूक बनाएगा?" सिंधी शेठ हसला. "ले जा साईं, पर पहली गोली इस तरफ नहीं!"

तात्यांच्या ओटीवर टेप लावून मापं घेतली, फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये तिथल्या पट्टीने आखून कापलं. फोरमनने काणाडोळा केला. मग दर रविवारी लाकूड घेऊन बदलापूर गाव. लोखंडाला निळा रंग फासायचा, लाकडात दाबायचं, निळं उमटेल तिथे पटाशीने खरवडायचं. मी चक्क गात होतो. "आपल्या लग्नात एवढे खूश नव्हतात," बायको म्हणाली.

खंडेनवमीच्या सकाळी घरच्या हत्यारांना हळदकुंकू वाहून मी तात्यांकडे पोचलो. लोखंड खाचेत बसलं, स्क्रू फिरले. मी ओटीवर एक गिरकी घेतली. तेवढ्यात बाळारामने जुन्या दस्त्याचे तुकडे जोडून शेजारी ठेवले.

"यो अर्धा इंच लांब हाय."

माझी गिरकी तिथेच संपली. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा इंच मुळातच थोडा मोठा असतो. मी मापं साध्या टेपने घेतली आणि कापलं त्या पट्टीने. वर ओतकाम मशीनवर तासायला सोडतात तसं टोकाला पाव इंच जास्त, सवयीने. जणू तात्यांची रायफल भट्टीतूनच निघणार होती!

"करवत द्या, आत्ता कापतो."

तात्यांच्या बायकोने, काकूंनी, पूजेच्या पाटाकडे बोट दाखवलं. करवत, कोयता, कुऱ्हाड, सगळे फुलं लेवून बसलेले. "आज हत्यार उचलायचं नाय, भाऊ."

"मंग झालं," बाळाराम म्हणाला. "अख्खी कुठली? उद्या चौकी."

 तात्यांनी रिकामी रायफल उचलली, रानाकडे तोंड करून खांद्याला लावली आणि तशीच धरून राहिले. 

"माशी दिसते," ते हळूच म्हणाले. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा ठिपका. "बाळ्या, माशी सरळ दिसते रे!"

जुना दस्ता वडिलांच्या मापाचा होता आणि वडील बुटके. तात्या सहा फुटी. त्या आखूड दस्त्यामागे मान दुमडून नेम धरायचे आणि बार उडाला की अंगठा नाकावर आपटायचा. बापाचा नेम तात्यांत उतरला नाही, असं बाळाराम गावभर सांगायचा.

"तीस वर्स मना वाटलं माजीच नजर अधू," तात्या म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस हसता हसता रडायला लागला. मलाही रडू आवरेना.

"तात्या, ही माझी चूक आहे. पट्टी चुकली."

"ऱ्हाऊ द्या मोठेपना. न विचारता माज्या अंगाचं माप घेतलंत!"

बाळारामने रायफल त्यांच्या हातातून घेतली, मुकाट्याने पाटावर ठेवली आणि स्वतःच कुंकू लावलं.

दसऱ्यानंतर कामावर गेलो तो पहिल्यांदा फाउंड्रीच्या पट्टीला लाल रंग मारला. चूक जमून गेली तर कौतुक गुपचूप पदरात घ्यावं, पण तिच्या भरवशावर पुढचं काम धरू नये.