तोर्गुनची हजेरी

तोर्गुन आमच्या बेटावर आली ती एका वर्षासाठी, रजेवर गेलेल्या कुणा शिक्षकाच्या जागी. त्याला एकतीस वर्षं झाली. माझ्या लेकीला, सिग्रिडला, तिनेच अक्षरं शिकवली, आता सिग्रिडच्या मायकेनला शिकवते. म्हणजे शिकवत होती. मायकेनचा हलणारा दात तिने फळ्यापुढेच काढला, तर पोरीने हूं की चूं केलं नाही. तीच पोर घरी केसांचा गुंता काढायला गेलं की घर डोक्यावर घेते.

शाळा उघडायच्या दिवशी तोर्गुन झेंडा चढवते, वेलचीचे गोड पाव भाजते आणि पायरीवर उभी राहून एकेका मुलाचं नाव पुकारते. मूल घरच्यांसोबत पुढे येतं, तिच्याशी हात मिळवतं आणि आपल्या नावाची लाकडी पट्टी आत नेऊन खुंटीवर लावतं. पट्ट्या ती स्वतः करते, तापलेल्या सळईने अक्षरं उठवून.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेने कळवलं की मुलं पाचाच्या खाली गेली तर शाळा बंद. मुलं होती सात. सिग्रिड म्हणाली, "बाबा, मायकेनच्या वर्गात मायकेन एकटीच आहे. पाण्यापलीकडच्या शाळेत पोहायचा तलावसुद्धा आहे."

मी म्हणालो, "मग घाल की तिकडे. सातातली एक गेली तरी सहा उरतात."

तोर्गुनला सांगायचं तेवढं राहिलं. रोज दुकानात भेटायची, मी हवेचं बोलायचो. बाकीच्यांना त्यांच्या पोरांचं काय ठरलं ते विचारावं, असंही मनात आलं नाही. आमच्याकडे माणूस वादळात शेजाऱ्याची होडी ओढून आणील, पण त्याच्या घरातलं विचारणार नाही. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो.

ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारी, शाळा उघडायच्या दिवशी, सगळी कुटुंबं हजर होती. न जाणं बरं दिसलं नसतं. मासे पाळण्याच्या जाळ्यांवर काम करणारा रूआल आपल्या जुळ्यांना घेऊन, बुटांकडे बघत उभा. दुकानवाली बोर्गहिल्डही पोराच्या खांद्यावर हात ठेवून तशीच. तेव्हा मला कळलं, यांनीही पोरं तिकडेच घातलीत. सातातून आमची एक, याची दोन, तिचा एक. उरले तीन.

तोर्गुनने पहिलं नाव घेतलं. "मायकेन."

सिग्रिड जागची हलली नाही. मी पावात तोंड घातलं. मायकेन एकटीच पुढे गेली, हात मिळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी सोमवारपासून बोटीने जाणार आहे. आजोबा म्हणाले, तुला सांगायचं नाही."

"माहीत आहे मला," तोर्गुन म्हणाली. "मंगळवारी पत्र आलं. आता ही शाळा उघडणारच नाही. घरोघरची पत्रं आजच्या बोटीने येतील."

"मग पाव कशाला केलेस?"

"पीठ आधीच आणलं होतं."

तिने मायकेनच्या हातात पट्टी दिली. "ही घेऊन जा. तिकडे खुंट्यांवर नुसते आकडे असतात." मग उरलेली सहा नावं घेतली, त्याच आवाजात, आणि सहाही मुलांचा हात हातात घेतला. कुणाच्याही घरचं माणूस मुलासोबत पुढे गेलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

सगळे गेल्यावर मी कप विसळू लागलो. म्हणालो, "तोर्गुन, मला वाटलं, एकीने काय होतंय."

"सगळ्यांना तेच वाटलं, ऑडवार."

"एकमेकांना विचारायला हवं होतं आम्ही."

"मी तरी कुठे विचारलं कुणाला?" ती म्हणाली. "उन्हाळाभर रोज वाटायचं, दारोदार जावं. पण असं कसं जायचं?"

सोमवारी सकाळी ती धक्क्यावर आली. आता तिला तिथे काही काम नव्हतं. मुलं फळीवरून बोटीत चढत होती; मागे राहिलेल्या तिघांनाही जावंच लागत होतं. ती सवयीने बोटाने मोजत होती. शेवटचा आत गेला.

"सात," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "पाच पुरली असती."

बोट सुटली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, दुपारनंतर वारा वाढेल असं दिसतंय.