विहिरीपलीकडचं कुंपण

माझ्या आत्याइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. फटफटीचा आवाज वाढला तरी ती दचकायची. बसमध्ये बसली की पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरायची. भीती तिनं कधी लपवली मात्र नाही. "मले भेव लागते बाई," ती कुणालाही सरळ सांगायची.

मध्य प्रदेशातल्या किरनापूरजवळच्या गावात ती एकटी राहायची. घरामागं छोटी वाडी आणि वाडीत विहीर. कॉलेजसाठी मी तिच्याकडं राहत होते, त्या वर्षी शेजाऱ्यानं तारेचं कुंपण सरकवलं आणि विहीर त्याच्या बाजूला गेली. आत्या पाणी आणायला कुंपणापाशी गेली, तर तो कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. वर न बघताच म्हणाला, "एकटी बाई आहेस. विहिरीत पडशीन तं कोणाले आवाजबी नाही येणार."

आत्या रिकामी घागर घेऊन परत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी संतापून खुंटे उपटायला निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं. "काहून हात लावतं? खुटे उपटले का गुन्हा आपल्यावर येते. मंग तो मोकळा."

तिच्या कानावर पडलेली प्रत्येक धमकी ती तारखेसकट वहीत लिहायची. ती वही घेऊन आम्ही पोलीस थान्यात गेलो, अर्ज दिला. पावती मिळेपर्यंत ती बाकावरून उठली नाही. मग बालाघाटच्या वकिलाकडं गेलो. ते म्हणाले, आधी तहसीलदाराकडून सीमांकन, म्हणजे हद्दीची मोजणी, करून घ्या. मोजणी तुमच्या बाजूनं आली आणि तो हटला नाही, तर ताब्यासाठी तिथंच अर्ज करा. पक्की भिंत बांधू लागला, तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणू. आत्यानं एवढंच विचारलं, "तवरक तो आमाले मारन तं नाही ना?"

पुढचे तीन महिने आम्ही दुसऱ्या गल्लीतून पाणी आणलं. विहिरीवरचा आमचा दोर कुणीतरी कापून आमच्या उंबऱ्यावर ठेवला. त्या दिवशी आत्या जेवली नाही. वहीत मात्र तिनं लिहिलं.

धान कापल्यावर मोजणी झाली. शेजारी कुऱ्हाड खांद्यावर टाकूनच आला. महसूल खात्याच्या राजस्व निरीक्षकांनी नकाशा पसरला, पटवाऱ्यानं साखळी ओढली. विहीर आमचीच निघाली. पण दुसऱ्या टोकाला आमचं फळांनी लगडलेलं पेरूचं झाड दोन हात त्याच्या जमिनीत होतं. ते आम्हा दोघींशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प राहा म्हणून मी आत्याला कोपरानं ढोसलं. तरी ती पुढं झाली. "साहेब, ते झाड भाऊच्या जाग्यात आहे. तेबी लिहा."

शेजारी तिच्याकडं बघत राहिला. पंचनाम्यावर त्यानं सही केली नाहीच; साहेबांनी तसा शेरा मारला. तरी तो हटला नाही. ताब्याचा अर्ज करावा लागला, पेशीवर पेशी, तारखेवर तारीख पडत गेली. शेवटी आदेश निघाला आणि पोलीस उभे असताना तार मागं गेली.

"आता तरी भेव गेलं का?" मी विचारलं.

"नाही गेलं," ती म्हणाली. "तो अजून तिथंच राह्यते ना."

मागच्या हिवाळ्यात आत्या छोट्याशा आजारानं गेली. घर आणि वाडी तिनं वसियतीत, म्हणजे मृत्युपत्रात, माझ्या नावानं लिहून ठेवली होती. तेराव्याच्या दुपारी पाहुणे निघून गेल्यावर तो शेजारी अंगणात येऊन उभा राहिला. मी घरात एकटीच होते.

"तुह्या आत्यानं पेरू देल्ला मले," तो म्हणाला. मग वाडीकडं बोट दाखवत, "तू काय इथं राह्यत नाही. वाडी मले देऊन दे."

तो सांत्वनाला आला होता की धमकावायला, मला कळलं नाही. "नाही देत, काका," मी म्हणाले. तो वळून गेला. मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं किरनापूरला जाऊन, घर आणि वाडी कागदोपत्री माझ्या नावावर चढवायला मी तहसीलीत नामांतरणाचा अर्ज दिला.